जॉन मॅक्लेंडन : अख्खं कोर्ट खेळणारा माणूस

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये दरवर्षी एक भांडण ठरलेलं असतं. आपली बास्केट झाली की समोरच्यांना त्यांच्याच बास्केटखाली गाठायचं, की मुकाट्याने मागे पळत येऊन आपल्या अर्ध्या कोर्टात त्यांची वाट बघायची? पहिल्याला म्हणतात फुल-कोर्ट प्रेस, दुसऱ्याला हाफ-कोर्ट. मी काही खेळत नाही, बाकावर बसून स्कोअरशीट लिहिते. पण दोन्ही बाजूंचं ऐकून ऐकून मला प्रश्न पडला, की हा प्रेस पहिल्यांदा सुचला तरी कुणाला? शोधायला गेले आणि एका माणसाच्या आयुष्यात अडकले. त्यांचं नाव जॉन मॅक्लेंडन. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ज्यांनी प्रेस रुजवला आणि वाढवला, त्यांच्यात हे नाव फार वरचं. तरी आपल्याकडे ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून या अंकात त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

ज्यांनी कधी हातात बॉल धरला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. बास्केट झाली की बॉल दुसऱ्या टीमकडे जातो. त्यांनी तो रेषेबाहेरून पाच सेकंदांत आत टाकायचा आणि ठरलेल्या वेळात मधली रेषा ओलांडायची. अमेरिकन कॉलेजमध्ये हा वेळ दहा सेकंद, आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय नियमात आठ. प्रेस करणारी टीम त्या पहिल्या पासपासूनच अंगावर जाते. दोघे मिळून बॉलवाल्याला कोपऱ्यात कोंडतात, तिसरा पासची वाट अडवून उभा राहतो. जमलं तर बॉल मिळतो, तोही त्यांच्याच बास्केटपासून चार पावलांवर. नाही जमलं तर एक लांब पास, की मागे मोकळं रान. हाफ-कोर्टमध्ये ही भीती नाही. पाचही जण मागे येतात, उंच मुलं बास्केटखाली उभी राहतात, दम वाचतो. म्हणजे एकात धाडस आहे आणि दुसऱ्यात शहाणपण, असं आपल्याला वाटतं. मॅक्लेंडन यांना मात्र तसं वाटत नव्हतं.

त्यांचा जन्म 5 एप्रिल 1915 चा, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या हायावाथा नावाच्या गावातला. घर कृष्णवर्णीयांचं. आई लहानपणीच वारली. पुढे कॅन्सस सिटीत शाळा झाली. शाळेतल्या मुलाने एका जिममध्ये बास्केटबॉल पाहिला आणि त्याच्या मनाने घेतलं, की आपण कोच व्हायचं. गंमत म्हणजे हायस्कूलच्या टीममध्ये त्याची निवड झाली नाही. खेळाडू म्हणून आपण मोठे होणार नाही हे त्याला लवकर कळलं, पण कोच व्हायचं वेड काही गेलं नाही.

1933 मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात दाखल झाला. तिथे एक वयस्कर प्राध्यापक होते, डॉ. जेम्स नाइस्मिथ. होय, तेच नाइस्मिथ, ज्यांनी 1891 च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्ड गावात वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत दोन पीचच्या टोपल्या टांगून तेरा नियमांचा हा खेळ तयार केला. हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येईना, म्हणून केलेली सोय ती. पुढे वायएमसीएच्याच लोकांनी तो जगभर नेला, भारतातही. 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, तीही वायएमसीएचीच. तेव्हा आपल्या कॉलेजच्या कोर्टाचं नातं त्या दोन टोपल्यांपर्यंत जातं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

जॉनच्या वडिलांनी त्याला विद्यापीठात सोडताना सांगितलं होतं, की थेट नाइस्मिथ यांना भेट आणि ते तुझे सल्लागार आहेत असं सांग. मुलाने तसंच केलं. नाइस्मिथ यांनी हे कुणी ठरवलं अशी चौकशी केली. वडिलांनी, हे उत्तर त्यांना पटलं आणि त्यांनी त्याला आपलं म्हटलं. नाइस्मिथ धर्मोपदेशकही होते. खेळ माणूस घडवण्यासाठी आहे, ही त्यांची श्रद्धा होती. मॅचच्या निकालात त्यांना फारसा रस नसावा, कारण कॅन्सस विद्यापीठाचे कोच असताना ते जिंकल्यापेक्षा हरले जास्त.

शारीरिक शिक्षणाच्या त्या अभ्यासक्रमात जॉन हा पहिलाच कृष्णवर्णीय विद्यार्थी. विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला खेळता येत नव्हतं, कारण टीम फक्त गोऱ्यांची. बास्केटबॉल ज्याने शोधला त्याचा हा शिष्य आणि त्याच विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला जागा नाही!

त्यात पोहण्याच्या तलावाची गोष्ट आली. अभ्यासक्रमात पोहणं सक्तीचं होतं. जॉन पाण्यात उतरला, आणि नंतर तलावाचं सगळं पाणी सोडून देण्यात आलं. वाचताना मला महाडचं चवदार तळं आठवलं, 1927 चं. समुद्रापलीकडेही तेच पाणी आणि तोच विटाळ. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना न पोहताच मार्क देऊ, अशी पळवाट त्याला दाखवण्यात आली. त्याने ती नाकारली. त्या वेळी विभागाचे प्रमुख होते फॉग ॲलन, बास्केटबॉलमधलं फार मोठं नाव. तलाव सगळ्यांना खुला केला तर दंगा होईल, ही त्यांची भीती. शेवटी असं ठरलं, की दोन आठवडे बघू, काही गडबड झाली नाही तर तलाव खुला राहील. जॉनने काय करावं? तो गुपचूप आपल्या सगळ्या कृष्णवर्णीय मित्रांना भेटला आणि दोन आठवडे कुणीही तलावाकडे फिरकायचं नाही असं त्यांना पटवलं. कुणी गेलंच नाही, तर गडबड होणार कुठून? दोन आठवडे संपले आणि तलाव कायमचा खुला झाला.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. ज्याचं नाव पुढे प्रेसशी जोडलं गेलं, त्याने आयुष्यातली एक मोठी मॅच हाफ-कोर्टने जिंकली होती. बॉल धरून ठेवला आणि घड्याळ पळू दिलं.

प्रेसची कल्पना मात्र आली नाइस्मिथ यांच्याकडून. लहान मुलं बास्केटबॉल खेळताना बघा. बॉल जिथे तिथे सगळी मुलं. कोणी मागे जाऊन जागा धरत नाही. मोठे लोक याला गोंधळ म्हणतात. नाइस्मिथ यांना मात्र त्यात खेळाचं खरं रूप दिसलं, आणि ते त्यांनी आपल्या शिष्याला दाखवलं. बॉल ज्या क्षणी आपल्या हातून जातो, त्या क्षणी आणि त्याच जागी बचाव सुरू व्हायला हवा. आपल्या सोयीच्या जागी जाऊन उभं राहिल्यावर नव्हे. मॅक्लेंडन सरांच्या पुढच्या सगळ्या बास्केटबॉलचं बी या एका विचारात आहे. (इथून पुढे मी त्यांना सरच म्हणते, कोचला अरेतुरे कसं करायचं!)

1936 ला पदवी, मग आयोवा विद्यापीठातून एम.ए., आणि 1937 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात नोकरी. कॉलेजचं नावच होतं नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर नीग्रोज. सर तिथे 1940 मध्ये मुख्य कोच झाले.

1937 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. तोपर्यंत प्रत्येक बास्केटनंतर दोन्ही टीम मध्यावर यायच्या आणि पुन्हा जंप बॉल व्हायचा. खेळ दर वेळी थांबायचा. त्या वर्षीपासून हा नियम गेला. बास्केट झाली की लगेच रेषेबाहेरून बॉल आत. त्याआधी 1932 मध्ये दहा सेकंदांत मधली रेषा ओलांडायचा नियम आलेला होताच. म्हणजे बास्केट केल्यावर समोरच्याला तिथल्या तिथे गाठायला आता वाव मिळाला, आणि त्याच्या डोक्यावर घड्याळही होतं. बाकीच्या बऱ्याच कोचना यात फक्त खेळाचा वेग वाढलेला दिसला. सरांना अख्खं कोर्ट मोकळं झालेलं दिसलं.

पण अख्खं कोर्ट खेळायला दम लागतो. सरांची मुलं हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून मैलोगणती धावायची. बॉलला हात लावण्याआधी पाय तयार करायचे, हा त्यांचा शिरस्ता. हिशेब साधा होता. प्रेसमुळे पहिल्या दहा मिनिटांत बॉल मिळेलच असं नाही, पण समोरचा थकतो. थकलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत चुकीचा पास देतो. बॉल मिळाला की थांबायचं नाही, लगेच फास्ट ब्रेक. बचाव आणि चढाई असे दोन वेगळे कप्पे सरांच्या खेळात राहिलेच नाहीत. डरहॅममध्ये त्यांनी कृष्णवर्णीय कॉलेजांच्या संघटनेची आठ विजेतेपदं मिळवली. पण गोऱ्या कॉलेजांशी खेळायची त्यांना मुभाच नव्हती. त्यामुळे ही टीम नेमकी किती चांगली, हे मापायला पट्टीच नव्हती.

ती पट्टी मिळाली 12 मार्च 1944 ला. त्याच शहरात ड्यूक विद्यापीठ होतं, गोऱ्यांचं. तिथल्या मेडिकल स्कूलमध्ये युद्धकाळात सैन्यातर्फे शिकायला आलेले तरुण होते. त्यांच्यात काही जण आधी मोठ्या कॉलेजांकडून खेळलेले. त्यांच्या टीमचा दरारा होता. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची गाठ पडायची वायएमसीएच्या बैठकांत, तीही जरा चोरूनच. तिथे खरी चांगली टीम कुठली यावरून बोलणं निघालं, आणि एकदा खेळूनच बघू असं ठरलं.

हे आज आपल्याला सहज वाटतं. तेव्हाच्या दक्षिणेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांनी एका कोर्टवर खेळणं म्हणजे सरळ संकट. सरांची नोकरी गेली असती, कॉलेजवर गदा आली असती, आणि मुलांच्या जिवाचंही काही सांगता आलं नसतं. याच डरहॅममध्ये चारच महिन्यांनी, जुलै 1944 मध्ये, बुकर स्पाइसली नावाच्या कृष्णवर्णीय सैनिकाला एका गोऱ्या बस ड्रायव्हरने गोळी घालून मारलं. कारण काय, तर बसमध्ये मागे सरकायला त्याने वेळ लावला. कोर्टाने त्या ड्रायव्हरला निर्दोष सोडलं.

म्हणून वेळ निवडली रविवारी सकाळची. सगळं शहर, पोलिसांसकट, चर्चमध्ये असतं ती वेळ. कॅलेंडर मागे नेऊन पाहिलं, तर आपल्या हिशेबाने तो उपवासकाळातला तिसरा रविवार होता. ड्यूकची मुलं उसन्या गाड्यांतून, वळणावळणाच्या रस्त्याने, तोंडं झाकून आली. जिमचे दरवाजे आतून बंद झाले. प्रेक्षक नाहीत. एक रेफरी आणि एक घड्याळ. एका कृष्णवर्णीय साप्ताहिकाच्या बातमीदाराला कुणकुण लागली होती, पण त्याने काही छापायचं नाही असं कबूल केलं आणि शब्द पाळला.

सुरुवातीला सरांची मुलं बावरली. सोपे शॉट चुकले, पास हातातून निसटले. गोऱ्या मुलाला धक्का लागला तर काय, हे कुणाला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते घडत होतं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की समोरचेही आपल्यासारखेच घामाघूम होतात, आपल्यासारखेच चुकतात. एकदा हे कळलं आणि टीम सुटली. प्रेस, ब्रेक, पुन्हा प्रेस. शेवटचा स्कोअर 88-44. दुप्पट! पण मला त्याहून आवडतं ते पुढचं. थोडी विश्रांती झाली आणि मुलांनी पुन्हा मॅच खेळली, या वेळी टीम मिसळून, गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच बाजूला.

हा स्कोअर कुठल्याही रेकॉर्डमध्ये गेला नाही. पन्नासेक वर्षं त्याबद्दल बाहेर कुणी काही बोललं नाही. 1996 मध्ये स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने ती गोष्ट जगापुढे आणली. सर तेव्हा हयात होते.

मला वाटलं होतं, की एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवायची कशाला? जाहीर खेळायला हवं होतं. मग वाटलं, हे मी आज, गेट उघडं असलेल्या कॉलेजमध्ये बसून म्हणतेय. प्रेस कधी लावायचा हे कोचला बघावं लागतं. जी मुलं तो लावणार, त्यांना घरी सुखरूप पोचवायची जबाबदारीही त्याचीच असते.

वेळ आली तेव्हा सरांनी उघडपणे प्रेस लावला. 1954 मध्ये ते नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीय कॉलेजात गेले. तोवर सरांच्या आणि इतरांच्या रेट्यामुळे एनएआयए या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय कॉलेजांना दार उघडलं होतं. कॅन्सस सिटीत स्पर्धेचं बोलावणं आलं. सरांनी आधी एक गोष्ट स्पष्ट केली. बाकीच्या टीम ज्या हॉटेलात उतरतील, तिथेच माझी मुलं उतरतील, नाहीतर आम्ही येत नाही. हॉटेल मिळालं. ज्या शहरात सर शाळा शिकले, त्याच नावाच्या आणि नदीपलीकडच्या शहरात हे घडलं.

मग 1957, 1958 आणि 1959 अशी लागोपाठ तीन वर्षं टेनेसीने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. असं तीनदा ओळीने करणारे ते पहिले कॉलेज कोच. स्पर्धेत 32 टीम असायच्या आणि जिंकायला एका आठवड्यात पाच मॅच खेळाव्या लागायच्या. तिथे त्या धावण्याचं पुण्य उपयोगी पडलं. समोरच्यांचे पाय जड व्हायचे, तेव्हा यांचा प्रेस नुकता रंगात आलेला असायचा.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर आमच्या टीममधले हाफ-कोर्टवाले मला सोडणार नाहीत. त्याच काळात हेन्री आयबा नावाचे मोठे कोच होते. सावकाश खेळ, घट्ट बचाव, चांगला शॉट मिळेपर्यंत पासवर पास. 1945 आणि 1946 मध्ये त्यांच्या ओक्लाहोमा ए अँड एमने याच पद्धतीने लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1968 च्या ऑलिंपिकला अमेरिकेचे मुख्य कोच आयबाच होते, आणि त्यांच्या मदतनीसांत होते मॅक्लेंडन सर. प्रेसवाला आणि हाफ-कोर्टवाला एकाच बाकावर, आणि सुवर्णपदक मिळालं.

स्वतः सरही नुसतेच धावणारे नव्हते. आघाडी मिळाली की खेळाडूंना कोपऱ्यांत पसरवून बॉल राखायचा, ही चाल त्यांनी कितीतरी आधी बसवली होती. पुढे डरहॅमशेजारच्याच चॅपल हिलमध्ये डीन स्मिथ यांनी फोर कॉर्नर्स या नावाने तसाच खेळ गाजवला. बॉल दाबून बसण्याचे असे प्रकार इतके वाढले, की शेवटी 1985 मध्ये पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 45 सेकंदांचं शॉट क्लॉक आणावं लागलं. आणि प्रेस म्हटलं की अमेरिकेला आठवतात जॉन वुडन. 1964 मध्ये त्यांच्या यूसीएलएने 2-2-1 झोन प्रेसवर 30 पैकी 30 मॅच जिंकल्या, तेही टीममध्ये खूप उंच मुलं नसताना. ते यश खरंच आहे. पण त्याच्या वीस वर्षं आधी एका बंद जिममध्ये काय झालं होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

सरांचा प्रेस सगळीकडे चालला असंही नाही. 1961 मध्ये क्लीव्हलँड पायपर्सबरोबर ते व्यावसायिक लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच ठरले. तिथे खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी वाद झाला, सर खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी पद सोडलं. 1966 मध्ये क्लीव्हलँड स्टेटमध्ये गेले. प्रामुख्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात मुख्य कोच होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तिथे ते जिंकल्यापेक्षा हरले जास्त, आपल्या गुरूसारखेच. 1969 मध्ये डेन्व्हर रॉकेट्सने त्यांना 28 मॅचनंतर काढून टाकलं. त्यांतल्या फक्त 9 जिंकल्या होत्या.

1979 मध्ये त्यांना नाइस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पण कोच म्हणून नाही, खेळाला हातभार लावणारे म्हणून. 8 ऑक्टोबर 1999 रोजी ते गेले. कोच म्हणून त्यांचं नाव तिथे लागलं 2016 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

तर आमच्या टीमच्या भांडणाचं काय? उत्तर सापडलं असं मी म्हणणार नाही. पण प्रेस म्हणजे उतावळेपणा आणि हाफ-कोर्ट म्हणजे भित्रेपणा, ही आमची वाटणी चुकीची आहे, एवढं सरांमुळे कळलं. ज्याने दोन आठवडे तलावाकडे पाठ फिरवायला लावली आणि ज्याने हॉटेल मिळाल्याशिवाय टीम न्यायला नकार दिला, तो माणूस एकच. मागे येऊन थांबणं चूक नाही, जर आपण तिथे काही ठरवून थांबलो असू तर. बॉल गेला की मान खाली घालून सवयीने मागे येणं, ते मात्र सरांना कधी चाललं नसतं.

पुढच्या आठवड्यात मॅच आहे. स्कोअरशीट घेऊन मी बाकावर असेनच. पहिली बास्केट झाल्यावर आपली मुलं कुठे उभी राहतात, ते मी आधी बघणार आहे.